रिमोट एक, आम्ही दोघी

मित्रांनो, मी एक जुनी, रिमोटवर चालणारी लाकडी बोट आहे आणि स्वभावाने मत्सरी आहे. हे आधीच सांगून टाकलेले बरे, नाहीतर पुढे तुम्हीच नाक मुरडाल.

माझा जन्म एका प्लंबरच्या गॅरेजात झाला. त्याने प्लायवूडच्या पट्ट्या वाफेवर वाकवून माझे पोट घडवले आणि वर लाल रंगाचे तीन हात दिले. त्याची मोठी बहीण दवाखान्यात नर्स आहे. ती म्हणाली, एवढे स्वतःच्या बुटांना चकाकवले असतेस तर आतापर्यंत तुझे लग्न जमले असते. तरी दर रविवारी ती त्याच्यासोबत तलावावर यायची. फिरायला आलेली माणसे मला बघायला थांबत. पाच वर्षे मी असे कौतुक खाल्ले आणि मला त्याची चटक लागली.

मग एके दिवशी तो कामावरून उरलेला, हातभर लांबीचा सांडपाण्याचा पाइप घेऊन आला. मला वाटले, कुणाची तरी मोरी तुंबली असेल. तर तो त्याची पाणबुडी करणार होता.

माझा अगदी तिळपापड झाला. रोज संध्याकाळी तो वर्तमानपत्रावर आकृत्या काढत बसे. ताईने त्याला एक मोठी सिरिंज आणून दिली. छोटी मोटर सिरिंजचा दट्ट्या ओढणार, आत पाणी येऊन पाणबुडी जड होणार आणि बुडणार. दट्ट्या ढकलला की पाणी बाहेर आणि ती वर. मी आयुष्यभर न बुडता राहिले त्याचे कुणाला काही नाही, आणि हिच्या बुडण्याचे एवढे कोडकौतुक.

त्याहून वाईट म्हणजे माझा रिमोट तिला मिळाला. नव्या रिमोटच्या लहरी पाण्यात शिरत नाहीत, माझ्या लांब एरियलवाल्या जुन्या रिमोटच्या शिरतात. माझ्यासारखाच एक रिसीव्हर एका मोडक्या खेळण्यातून काढून त्याने तिच्या पोटात बसवला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. आता त्याने खटका दाबला की हाक एकीला असली तरी ओ दोघी देणार.

भीतीही होतीच. आमच्या फळीखाली एक खोके आहे. जी वस्तू पडून राहते तिचे सुटे भाग त्या खोक्यात जातात. माझ्या शेजारचा टेबलफॅन तसाच गेला होता. माझी मोटर अजून चांगली होती, म्हणूनच मला तिची काळजी वाटे.

एकदा मात्र मी मनसोक्त हसले. पाइप जोडायचा म्हणजे सोल्युशन लावून कायमचा चिकटवायचा, ही प्लंबरची सवय. त्याने सगळे सामान आत बसवले आणि दोन्ही टोकांना झाकणे चिकटवून टाकली. ताईने पाणबुडी हातात घेऊन उलटीसुलटी केली.

“छान झालीय,” ती म्हणाली. “आता बॅटरी चार्ज कुठून करणार, नळोबा?”

बिचाऱ्याला ती करवतीने कापावी लागली. मग त्याने मागे फिरवून उघडता येणारे आट्यांचे झाकण बसवले. बादल्या भरून, शिशाचे तुकडे कमीजास्त करून शेवटी एकदाची ती नीट बुडायला शिकली.

पहिल्या फेरीला ताईने मलाही बरोबर घेतले, अडीनडीला असू दे म्हणून. पाणबुडी काठापासून सरळ पुढे गेली, खाली उतरली आणि पाणवनस्पतींच्या जाळीत शिरून अडकली. सिरिंज रिकामी केली, उलटा खटका दाबला, तरी ती हलेना. प्लंबरचा चेहरा उतरला. मी मनात म्हटले, राहू दे तिला तिथेच. हो, म्हटले.

मग त्यांनी माझ्या पोटाखाली गळ लटकवला, मला दोरी बांधली आणि पाण्यात सोडले. मला पुढे नेण्यासाठी खटका दाबला की खाली तीही पुढे रेटायची आणि गाळ वर यायचा. ताईच्या ते लक्षात आले. तिने मला फिरवून पाठमोरे ठेवायला आणि उलट्या चालीने पाठवायला सांगितले. माझे चकाकते नाक काठाकडे आणि मी ढुंगण पुढे करून निघालेले. काठावरची माणसे हसली. पण आता तीही मागे रेटत होती. गळ तिच्या शेपटीत अडकला, प्लंबरने खटका सोडला आणि ताईने दोरी ओढून आम्हा दोघींना काठाला आणले.

घरी गेल्यावर तिला टॉवेलने पुसले, उघडून पंख्याखाली वाळवले. मला ओलीच फळीवर ठेवले. माझ्या ढुंगणाशी पाणी कापणारा छोटा पंखा आहे, त्याच्या दांड्याभोवती तलावातले गवत गुंडाळलेले होते, ते कुणी पाहिले नाही.

तीन आठवड्यांनी पाणबुडीची मोटर जळाली. प्लंबरने मला खाली घेतले आणि खटका दाबला. माझा पंखा जागचा हलला नाही. दांडा गंजून जाम झाला होता.

“ही तर गेलीच,” तो म्हणाला. “हिची मोटर काढून पाणबुडीला बसवतो.”

त्याने पेचकस माझ्या पहिल्या स्क्रूवर टेकवला. ताईने त्याचा हात धरला.

“काढ हवी तर. पण ती का बंद पडली ते तरी आधी बघ.”

त्याने मला उलटे करून चिमट्याने ते वाळके गवत ओढले. त्यातली एक काडी त्याने हुंगून पाहिली.

“तलावातलं आहे,” तो म्हणाला. “हिला पुसायचं राहिलं माझ्याकडून.”

पेचकस त्याने खिशात ठेवला. दोन संध्याकाळी तेल आणि पॉलिशपेपर घेऊन तो माझा दांडा घासत बसला. पाणबुडीला नवी मोटर येईपर्यंत थांबावे लागले. त्या रविवारी तलावावर मी एकटी गेले, ती फळीवर राहिली. मला फार बरे वाटले, खोटे कशाला बोलू?

मित्रांनो, माझा मत्सर काही गेलेला नाही, तो तुम्ही घेऊ नका. एवढेच करा, की पाण्यातून आलेली वस्तू तशीच ओली ठेवू नका. दोन असतील तर दोन्ही पुसा. आणि पुसायला घ्याल तेव्हा सुरुवात जुनीपासून करा.