हौदामागचा खांब

लातूर जिल्हा होऊन तिसरं वर्ष चालू होतं आणि पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. नवी कार्यालयं निघत होती, पण त्यांना बसायला जागा नव्हती. म्हणून तालुक्याच्या गावांत लोकांची घरं भाड्यानं घेणं चाललं होतं. घर घेण्याआधी ते उभं राहील का, एवढं बघायला बांधकाम खात्याकडून नरसिंग सूर्यवंशी जायचा.

हुद्द्यानं तो मिस्त्री होता. नोकरी लागण्याआधी नऊ वर्षं त्यानं नांदेडच्या एका लाकूड वखारीत काढली होती. तिथल्या म्हाताऱ्या उस्तादानं त्याला लाकूड शिकवलं होतं. हातोडीचा दांडा खांबावर आपटायचा आणि कान द्यायचा. चांगलं लाकूड खणकन बोलतं, गेलेलं लाकूड गोणीवर मारल्यासारखं बद्द वाजतं. नरसिंगचा कान त्यात कधी चुकला नव्हता.

मे महिन्यात त्याला औशाला पाठवलं. घर सिद्रामप्पा नावाच्या भुसार व्यापाऱ्याचं होतं. घर काही पडकं नव्हतं. सिद्रामप्पाच्या वडिलांनी रझाकारीनंतर बांधलेलं मातीच्या सपाट छताचं, माळवदाचं घर, सहा खांबांची मोठी ओसरी, खांबांना दरवर्षी हिरवा तेलरंग. सिद्रामप्पा स्वतः दारात उभा होता. पन्नाशीचा, स्वच्छ धोतराचा, बोलायला गोड.

"या मिस्त्री. बघून घ्या. औशात असलं घर दुसरं न्हाई."

पहिले चार खांब खणखणीत बोलले. मागच्या भिंतीला लागून असलेल्या दोन खांबांतला उजवीकडचा मात्र बद्द वाजला. नरसिंगनं पिशवीतून दाभण काढलं आणि खांबावर टेकवून दाबलं. ते मुठीपर्यंत आत गेलं. लोण्यात गेल्यासारखं गेलं.

सिद्रामप्पाचं हसू कमी झालं. नरसिंगनं पटाशीनं रंगाचा एक पापुद्रा उचलला. आतलं लाकूड गडद तपकिरी झालं होतं, आणि आटलेल्या तळ्याच्या गाळासारखं चौकोनी चौकोनी तडकलं होतं. एक चौकोन त्यानं काढून चिमटीत चोळला. त्याचं पीठ झालं.

"वाळवी," सिद्रामप्पा म्हणाला. "औषध मारून घेतो."

"वाळवी न्हाई अप्पा. वाळवी माती आणती, मातीच्या गल्ल्या करून चालती. हितं मातीचा कण न्हाई. भुंगाबी न्हाई, भोकं दिसली असती. ही कुज हाय. आमचे उस्ताद हिला सूखी सडन म्हणायचे."

"कुज?" सिद्रामप्पा हसला. "दोन वर्षं झाली, माळवदावर थेंब पडला न्हाई. कुजायला पाणी नको का?"

"लाकूड दिसायला कोरडं ठणठणीत दिसतं, तीच तर गफलत हाय. हिला कुठून तरी ओल मिळून राहिलीय. एकदा मिळाली की ही कुज आपलं पाणी आपल्यासंगं नेती, कोरड्या भिंतीवरून बी. या भिंतीच्या पल्याड काय हाय?"

"आतली खोली."

"ती बघावी लागंल."

सिद्रामप्पानं विचारलं, "मिस्त्री, तुमचं गाव कोणतं?"

"रेणापूर."

"रेणापुरात कुठं?"

"बुद्धविहाराच्या मागं."

"हाव," सिद्रामप्पा म्हणाला. त्याचा आवाज बिलकूल बदलला नव्हता. "आत देवघर हाय मिस्त्री. पाणी बी तिथंच. तुम्ही बाहेरचंच बघा. आतलं लाकूड चांगलं हाय, मी सांगतो ना."

नरसिंगला हे नवीन नव्हतं. त्यानं मान हलवली आणि टेप काढून ओसरी मोजायला लागला. सरकारी कागद दाखवून आत जाता आलं असतं. पण असं आत गेल्यावर पुढं काय काय होतं, हे त्यानं दोन ठिकाणी पाहिलं होतं.

थोड्या वेळानं दुकानावरून निरोप आला, ज्वारीची गाडी आली म्हणून. सिद्रामप्पा गेला. तो वळणाआड होताच बोळातलं बाजूचं दार करकरलं. दारात सिद्रामप्पाची बायको उभी होती. गंगम्मा. चाळिशीची, किडकिडीत, हातात बॅटरी.

"मिस्त्री, या. लवकर या."

"अक्का, अप्पा नको म्हणलेत."

"मी या म्हणून राहिले ना. मला लई दिवसांचं भ्या वाटून राहिलंय. कोणाला सांगावं तर हसतेत."

तो गेला. खोलीला खिडकी नव्हती. आत पाय टाकताच पावसाळ्यात उकिरड्यावर छत्र्या उगवल्यावर येतो तसला वास आला. एका बाजूला देवघर, आणि समोर ओसरीकडच्या भिंतीलगत कमरेएवढा सिमेंटचा हौद. वर फळ्या, फळ्यांवर ओली पोती. बहात्तरच्या दुष्काळात सिद्रामप्पानं तो बांधून घेतला होता आणि तेव्हापासून तो कधी रिकामा राहिला नव्हता.

"ह्ये बघा," गंगम्मा म्हणाली. तिनं फडताळावरून बोट फिरवलं. बोटाला विटकरी रंगाची बारीक भुकटी लागली. "रोज पुसते. रोज येती. घागरीवर, देवावर. मला वाटलं भिंतीची वीट झडून राहिली."

हौद आणि भिंत यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट होती. तिच्यात खांब होता. तिनं बॅटरी धरली. खांबावर खालपासून वरपर्यंत पिंजलेल्या कापसासारखा पांढरा थर चढला होता. त्याच्यातून राखाडी दोरे निघून भिंतीवरून पसरत गेले होते. ते दोन हात लांब जाऊन तुळईच्या टोकात शिरले होते, आणि तिथून ओसरीच्या खांबात. वरच्या त्या तुळईवर दीड हात मातीचं माळवद होतं.

नीट बघायला हौदाच्या काठावर हात टेकून वाकावं लागणार होतं. नरसिंग थांबला.

"टेका हात," गंगम्मा म्हणाली.

त्यानं हात टेकला, वाकला आणि दाभण लावलं. मग उभा राहून त्यानं हळू आवाजात सांगितलं, "अक्का, हौद रिकामा करा."

"पाणी सांडू? अवो, आड आटलाय. आठ दिवसाला टँकर येतो."

"सांडू नका. घागरीत काढा, रांजणात काढा, अंगणात ठेवा. पण हितं पाणी नको. दार उघडं राहू द्या, वारं लागू द्या. पुढं ह्यो खांब अन् तुळई काढून जाळावी लागंल, चांगलं दिसतंय तिथून बी दोन हात जास्तीचं कापून. पण त्याच्या आधी, आजच्या आज, तुळईला टेकू द्या. बाभळीचं जाड लाकूड उभं करायचं. खाली फळी, वर फळी, मधी ठोकून बसवायचं. सुतार बोलवा."

"मी सांगते यांना." ती दाराशी आली आणि थांबली. "पण तुम्ही आत आल्ता, हे तुमच्या तोंडून कळू देऊ नका."

"न्हाई कळू देणार."

सिद्रामप्पा परतला तेव्हा नरसिंग ओसरीत मापं लिहीत बसला होता. जाता जाता त्याला राहवलं नाही.

"अप्पा, ही जागा कार्यालयाला जमायची न्हाई, तसं लिहावं लागंल. पण ते जाऊ द्या. तुम्ही माणसं हितं राहता. आत टेकू द्या. हौदामागचा खांब पार गेलाय."

सिद्रामप्पानं त्याच्याकडं बघितलं. "आत हौद हाय, हे तुम्हाला कोण सांगितलं?"

दाराच्या फटीत गंगम्माच्या लुगड्याचा काठ दिसत होता.

"कोणी न्हाई. पाणी आत हाय म्हणलात तुम्ही... मी अंदाजानं बोललो."

"अन् खांब गेलाय, ते बी अंदाजानं?"

"हाव. नुसता अंदाज. चुकलाबी असंल."

तो एस.टी.त बसला तेव्हा त्याच्या हाताला अजून तो वास येत होता.

घरी त्यानं बायकोला, पंचशीलाला, सगळं सांगितलं. ती अंगणवाडीत शिकवायची आणि तिचं बोलणं नेहमी सरळ असायचं.

"मग अहवालात लिहा ना, आतला खांब धोकादायक हाय म्हणून."

"लिहिलं तर विचारतील, बघितला कसा? मग त्या बाईचं काय व्हईल?"

"अन् न लिहिलं तर?"

दुसऱ्या दिवशी त्यानं अहवाल लिहिला. 'ओसरीतील एक खांब कुजलेला. आतील खोली पाहता आली नाही. जागा कार्यालयास योग्य नाही.' साहेबांनी सही केली आणि कागद फायलीत गेला. कार्यालयाला दुसरी जागा मिळाली. नंतर चार-पाच वेळा त्याच्या मनात आलं की रविवारी औशाला जाऊन यावं. मग वाटायचं, कोणत्या नात्यानं? अक्कानं सांगितलं असंल, सुतार आला असंल. असं म्हणत त्यानं जून काढला.

आषाढात, एका कोरड्या सकाळी, डेपुटी साहेबांनी त्याला बोलावलं. औशाला घर पडलं होतं. तलाठ्याबरोबर जाऊन पंचनामा करायचा होता. साहेबांनी मालकाचं नाव वाचून दाखवलं आणि म्हणाले, "पाऊस नाही, वारा नाही, पडलं कसं काय?"

नरसिंगनं विचारलं, "माणसं?"

"एक बाई गेली."

गंगम्मा लिंगैक्य होऊन दोन दिवस झाले होते. सकाळी पाणी काढायला ती आत गेली आणि तुळई खाली आली. मातीचं माळवद तिच्यावर बसलं. गल्लीतली माणसं टिकाव-फावडी घेऊन धावली, पण मातीखालून काढायला दुपार झाली.

सिद्रामप्पा ओसरीच्या कडेला बसला होता. दाढी वाढलेली. त्यानं नरसिंगला ओळखलं आणि उठला.

"या मिस्त्री. आत या."

त्यानं स्वतः पुढं होऊन वाट दाखवली. खोलीला आता छप्पर नव्हतं. ऊन थेट हौदावर पडलं होतं. हौद मातीनं भरला होता. नरसिंगनं तुळईचा तुकडा उचलला. एवढं मोठं लाकूड, पण हाताला वाळल्या भाकरीएवढंही वजन लागेना. सिद्रामप्पा बोलू लागला.

"तिनं मला त्याच दिवशी सांगितलं. तुम्ही आत आल्ता ते, हौदाला हात लागला ते, टेकूचं, समदं. काय लपवलं न्हाई तिनं."

नरसिंगनं वर बघितलं.

"हौद मी रिकामा केला," सिद्रामप्पा म्हणाला. "तुम्ही सांगितलं म्हणून न्हाई. तुमचा हात लागला म्हणून. समदं पाणी मोरीत सोडलं. बोळात बाया घागरी घेऊन उभ्या होत्या, तरी सोडलं. खोली तीनदा धुतली. परत टँकरचं भरलं अन् दाराला कुलूप घातलं. सकाळी एकदा उघडायचं, पाणी काढायचं, लावायचं."

"अन् टेकू?"

"ती रोज म्हणायची. मी म्हणायचो, मिस्त्रीच म्हणला की, नुसता अंदाज हाय."

तलाठी बाहेरून हाक मारत होता. नरसिंगच्या मनात येत होतं की आपण सांगावं, अप्पा, मी तिच्यासाठी खोटं बोललो. पण ते सांगून कोणाचं काय होणार होतं, हे त्याला कळेना.

मग त्याला ढिगाऱ्यात एक मेढ दिसली. बाभळीची, मांडवाला लावतात तसली जाड मेढ, गोठ्यातून आणलेली. तिच्या बुडाशी एक पाट नीट सपाट मांडलेला होता. वरचं टोक तुळईच्या तुकड्यात वीतभर घुसलं होतं, कणकेत काठी खुपसावी तसं.

"ही कोणी लावली?"

सिद्रामप्पाला माहीत नव्हती. हौदापलीकडच्या अंधारात ती कधी उभी झाली, त्यानं पाहिलंच नव्हतं.

नरसिंगनं मेढीवरून हात फिरवला. लाकूड चांगलं होतं. खालची फळी होती, वरची नव्हती. वरची फळी एकट्या माणसाला बसवता येत नाही. एकानं ती वर धरावी लागते, तेव्हा दुसऱ्यानं टेकू ठोकायचा असतो. गंगम्माला ती धरायला कोणी नव्हतं. तो खाली बसला आणि त्याला रडू आलं. सिद्रामप्पा त्याच्याकडं बघत राहिला. त्यानं काय झालं ते विचारलं, आणि नरसिंगनं त्याला फळीचं सांगितलं.

पंचनाम्यात तलाठी 'घर जुने असल्याने' असं लिहायला निघाला होता. नरसिंगनं त्याला थांबवलं. 'हौदाच्या ओलीमुळे खांब व तुळई आतून कुजल्याने' असं लिहायला लावलं. सिद्रामप्पानं खाली सही केली. ओसरी कधीही खाली येईल, इथं झोपू नका, असं नरसिंगनं सांगितलं. महिनाभरात सिद्रामप्पा रेणापूरला भावाकडं राहायला गेला. कुजलेलं लाकूड शेतात नेऊन जाळलं, असं पुढं कोणीतरी सांगितलं.

नरसिंगची नोकरी तीच राहिली. आणखी दहा-अकरा वर्षं तो घरं बघत फिरला. आता तो ओसरीत दांडा आपटण्याआधीच विचारायचा, तुमचं पाणी कुठं ठेवता, ती खोली दाखवा. काही घरांनी दाखवली. काही घरांत गावाचं नाव विचारलं गेलं. तिथं तो कागद मांडीवर घेऊन बसायचा आणि 'आतील खोली पाहता आली नाही' हे वाक्य त्याला बराच वेळ लिहवायचं नाही.