शनिवारची दुसरी पाळी

कारखान्यातला बॉयलर वर्षातून एकदा थंड करतात. सरकारी तपासनीस येतो, माणसं आत उतरून नळ्या घासतात आणि बाकीच्यांना त्या दिवशी काम नसतं. म्हणून कारखान्याची सहल नेहमी त्याच दिवशी निघते. तिन्ही पाळ्यांची माणसं एकत्र दिसतात ती तेवढ्यापुरतीच.

यंदा तो दिवस शनिवारी आला. बाबांना जाऊन अकरा महिने झाले होते. वर्ष पुरं व्हायच्या आत घरच्या माणसाने मौजेसाठी बाहेर पडू नये असं आमच्याकडे मानतात. आई ते कडक पाळते. गणेशचवथीला तिने नेवऱ्यासुद्धा तळल्या नव्हत्या. तरी सहलीला जा असं तिनेच मला सांगितलं. आनंदाला वर्षश्राद्धाचं आमंत्रण द्यायचं होतं. तसलं आमंत्रण फोनवर देत नाहीत, समोर उभं राहून द्यावं लागतं.

आनंदा कोल्हापूर जिल्ह्यातला, गारगोटीकडचा. बॉयलरवर सहा वर्षं बाबांचा जोडीदार. बाबा कोसळले तेव्हा तो शेजारी होता. त्याने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडात पाणी घातलं. दोन घोट ते प्याले, तिसरा ओठांवरून ओघळला. मग 'पद्मा' म्हणाले आणि गेले. पद्मा म्हणजे मी. हे सगळं त्याने तिसऱ्या दिवशी आमच्या धारगळच्या घरी, सोप्यावर बसून सांगितलं होतं, मान खाली घालून. त्यानंतर आईने ते आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितलं. भेटायला आलेल्या बायका आधी तेच विचारायच्या, शेवटी पाणी मिळालं ना, आणि आईला हो म्हणता यायचं. मला भाऊ नाही. "मुलाने करायचं ते आनंदाने केलं," ती म्हणायची. "श्राद्धाला त्याचं पान पहिलं."

बाबांच्या जागी कारखान्याने मला घेतलं, टाइम ऑफिसात. हजेरीची कार्डं माझ्याकडे असतात. त्याच सुमारास आनंदाने तिसरी पाळी मागून घेतली. मी सकाळी पोचायच्या आत तो गेलेला असायचा. अकरा महिन्यांत आमची गाठ तीनदा पडली असेल, आणि तीनही वेळा त्याला घाई होती. मला बघून त्याला बाबा आठवत असतील, असं मी धरून चालले होते.

सहलीची बस धारगळला थांबली ती माझ्यासाठी. मी पायरीवर होते तेव्हा मागच्या सीटवरून गौरेशचा आवाज आला. गौरेश पॅकिंगमधला, डिचोलीचा. त्याला गप्प बसणं जमत नाही.

"आनंदा, उतर रे. शनिवार न्हय आज? तुजी कोल्हापूरची बस येतली."

"सहा वर्षांत एक शनिवार चुकवला नाही गड्यानं," संतोष म्हणाला. तो आनंदाच्याच भागातला. "पाऊस असू दे, पूर असू दे. संध्याकाळी सहा वाजले की ह्या थांब्यावर हजर. बायकोनं तरी एवढी वाट बघितली असंल का?"

सगळे हसले. मग मी आत आले. हसणं एकदम थांबलं नाही, एकेक जण मला बघून थांबत गेला. आनंदा खिडकीकडे तोंड करून बसला होता.

मी पुढे शुभांगीजवळ बसले. शुभांगी प्रयोगशाळेत आहे. तिने डबा उघडून मला चुरमुऱ्याचा लाडू दिला, नको म्हटल्यावर पुन्हा दिला आणि तिच्या नणंदेच्या लग्नाचं काही सांगत राहिली. लाडू हातात धरून मी हिशोब जुळवत होते. तो फार अवघड नव्हता. दुसरी पाळी दोन ते दहा. बाबा गेले शनिवारी, डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे साडेसातच्या सुमाराला.

घाटावरची माणसं शनिवारी लवकर निघतात आणि गावातला जोडीदार दहा वाजता आपल्या कार्डाबरोबर त्यांचंही कार्ड यंत्रात घालतो. बदल्यात चवथीच्या दिवसांत घाटावरचे गावच्यांचं काम ओढतात. ही पद्धत कारखान्याइतकीच जुनी आहे. टाइम ऑफिसात बसून मीही तिकडे बघत नाही. बाबा तसं करत असतील हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं. ते दुकानातून परत येताना सुटे पैसे दोनदा मोजून जास्तीचे परत करणारे होते.

त्या शनिवारची दोन कार्डं मी नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात काढून पाहिली होती. दोन्हींवर आत आल्याची वेळ होती. बाहेर गेल्याची जागा दोन्हींवर रिकामी. बाबांची का रिकामी ते उघड होतं. आनंदाचीही रिकामी पाहून मला वाटलं, कार्डाचं भान न राहता हा इस्पितळात धावला असणार. त्या रिकाम्या जागेबद्दल मी त्याचे मनात आभार मानले होते. चोर्ला घाट चढताना मला उमगलं की दहा वाजता दोन्ही कार्डं घालणारा माणूस एकच होता, बाबा.

बेळगावच्या अलीकडे माळावर ते उद्यान नवं उघडलं होतं. दारात मनगटाला कागदी पट्टे बांधले. रंगीत पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, आणि सगळ्यांच्या वर 'अजगर' नावाची रुळांवरची गाडी. ती आधी सावकाश वर चढत होती, मग कोसळत होती, उलटी होत होती. खाली फलकावर लिहिलं होतं की हृदयविकार असलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी बसू नये. गौरेश म्हणाला, आधी मॅनेजरसायबांक बसवया, हृदय असा काय नाय ता कळात. मॅनेजरही हसले. सुट्टीच्या दिवशी ते हसतात.

संतोषने आनंदाला दंडाला धरून रांगेत उभं केलं. गाडीत दोघादोघांच्या जागा होत्या. रांग पुढे सरकली तसा संतोष गौरेशबरोबर बसला आणि आनंदा एकटा उरला. मी मागे आठव्या-नवव्या जागी होते. पुढे गेले.

"काका, मी बसते," मी म्हटलं.

 रांगेतून बाहेर पडायला डावीकडे वाट होती, ती त्याने एकदा पाहिली. तेवढ्यात तिथल्या कामगाराने आम्हाला आत ढकललं, छातीवर लोखंडी दांडा खाली ओढला आणि दोनदा हलवून पाहिला.

गाडी साखळीवर चढू लागली. पुढून गौरेश मागे वळून काहीतरी ओरडत होता.

"त्या दिवशी तुम्ही किती वाजता निघालात?" मी विचारलं.

आनंदाने दोन्ही हातांनी दांडा धरला होता.  निम्मी चढण संपली.

"सहाला पाच कमी," तो म्हणाला.

"मग पाणी?"

"नाही."

"आणि माझं नाव?"

त्याने मान हलवली की गाडीच हलली, सांगता येणार नाही. आम्ही माथ्यावर पोचलो होतो. तिथून सगळा माळ दिसला, गाड्या उभ्या करायची जागा, आमची पांढरी बस, तिच्या सावलीत झोपलेला ड्रायव्हर. मग खाली गेलो. सगळे किंचाळले. मी किंचाळले का ते आठवत नाही. घसा मात्र संध्याकाळी दुखत होता.

उतरल्यावर तो सिमेंटच्या कट्ट्यावर बसला. त्याचा रंग उतरला होता. मी नळावरून बाटली भरून आणली, त्याने ती घेतली पण तोंडाला लावली नाही. मी न विचारता तो सांगू लागला. बाबा सापडले ते सव्वानऊला. वाफेचा दाब उतरला म्हणून पॅकिंगवाल्यांनी फोन केले, कुणी उचलेना, तेव्हा वॉचमन राजेश बघायला गेला. आनंदा त्या वेळी आंबोलीच्याही पलीकडे होता. सोमवारी कामावर आला तेव्हा फाटकावर त्याला कळलं. तिथूनच त्याला आत नेलं. कागद तयार होता. कार्डाप्रमाणे तू कामावर होतास, साहेब म्हणाले. नव्हतास म्हणालास तर खोट्या हजेरीत गोकुळदासचंही, म्हणजे बाबांचं, नाव येईल, आणि मग त्याच्या मुलीला नोकरी कशी देणार? कागदावर 'प्रथमोपचार केले' एवढंच होतं. त्याने सही केली.

"पाण्याचं कागदावर नव्हतं," तो म्हणाला. "ते माझं. घरी आलो तर आईंनी पहिलं तेच विचारलं. पाणी तरी दिलंस ना रे. नाही कसं म्हणायचं? हो म्हटलं, तर कसं दिलंस, किती प्याले. बोलत गेलो."

"आणि नाव?"

"तू दारात उभी होतीस, ताई. तुझ्याकडं बघवंना."

अजगर पुन्हा वर चढत होता. या खेपेला त्यात शुभांगी होती, डोळे मिटून. 

रागावायला हवं होतं, आणि कुणावर ते मी शोधून पाहिलं. साहेबांवर, तर त्यांच्या त्या कागदाच्या जोरावर मी रोज नऊला कामाला बसते. बाबांवर, तर ते मित्राला शनिवारी घरी धाडत होते. ह्या माणसावर, तर तो समोर बसून हातातली बाटली नुसती फिरवत होता.

"वर्षश्राद्धाच्या आधी येऊन आईंच्या पायावर डोकं ठेवतो," तो म्हणाला. "सगळं सांगून टाकतो. अकरा महिने झोप नाही मला."

त्याला झोप लागेल, हे खरं होतं. मग आई साडेसात ते सव्वानऊ मोजत बसेल. पावणेदोन तास. ती सकाळी चूल पेटवताना मोजेल, अंगण सारवताना मोजेल, दिवा लावताना मोजेल. बायका विचारायला येतील आणि तिच्याकडे सांगायला तेवढंच असेल. मी आज सकाळपासून मोजत होते आणि दुपारचे बारासुद्धा वाजले नव्हते.

मी उठून त्याच्या समोर उभी राहिले.

"पुढच्या महिन्यात अकरा तारखेला बाबांचं वर्षश्राद्ध आहे," मी म्हटलं. "आईने बोलावलंय. जेवायला यायचं. तुमचं पान पहिलं."

त्याने वर पाहिलं नाही. "येतो," तो म्हणाला. "पण ते पाण्याचं परत माझ्या तोंडातून निघणार नाही. आईंनी विचारलं तर मी काय करू?"

"तुम्ही काही बोलू नका. मी सांगेन. तुम्ही जेवत राहा."

"तुला जमंल?"

 पलीकडे जेवणाच्या मांडवाशी गौरेश ताटं वाजवून सगळ्यांना बोलावत होता. आनंदाने बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि ती मला परत दिली.

"किती वाजता यायचं?" त्याने विचारलं.

बाराला, मी म्हटलं. भटजींना उशीर झाला तर साडेबारा.