निळ्या कागदातली साखर

सफ्रूच्या जुन्या गावात, गल्लीच्या पावभट्टीच्या वरच्या मजल्यावर, यामनाची खोली होती. पाटीवर ‘शिवणवर्ग’ असं लिहिलेलं. आत दोन शिलाई मशिनंही होती, पण शिवण शिकायला येणाऱ्या बायका थोड्याच. बाकीच्या यायच्या त्या नवऱ्याच्या मारातून सुटायची वाट विचारायला. पूर्वी पाटीवर खरं नाव होतं तेव्हा दाराशी चिटपाखरू फिरकत नव्हतं, कारण त्या पाटीखालून आत शिरणं म्हणजे गल्लीभर दवंडी पिटणं. यामनाने पाटी बदलली. मग बायका पराती घेऊन येऊ लागल्या. पाव भाजायला खाली द्यायचे आणि भाजून होईपर्यंत वर जाऊन बसायचं. ‘भट्टीवर चाललेय’ यावर कुठल्या नवऱ्याला काय बोलता येणार?

यामना डॉक्टर नव्हती आणि वकीलही नव्हती. जखमांचा दाखला कोणती डॉक्टरीणबाई नीट लिहून देते, कोर्टात बायकांच्या तक्रारी कुठे घेतात, फेज शहरातल्या आसरागृहात जागा आहे का, एवढं ती सांगायची आणि मग बरोबर जायची. पत्ता काय, कुणीही देतं. बरोबर कोण जातं? हे ती इतक्यांदा आणि इतक्या फटकळपणे बोलून दाखवायची, की भट्टीवाला अल्लालसुद्धा तिची नक्कल करायचा.

आज वर इत्तो बसली होती. वय पंचविशीचं, डाव्या हाताची दोन बोटं पट्टीत, जबड्यावर पिवळा पडत चाललेला डाग. नवरा हम्मू दुसऱ्या गल्लीतला. दाखला मिळाला होता, तक्रार नोंदवून झाली होती आणि असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजानंतर फेजहून आसरागृहाची गाडी वेशीशी येणार होती. तोवर फक्त बसून राहायचं होतं. इत्तो एका हाताने उशीच्या अभ्र्याला शिवण घालत होती आणि शिवण पार वाकडी जात होती.

“ही उशी कुणाच्या डोक्याखाली जाणार गं?” यामना म्हणाली. “त्याची मान मोडेल.”

इत्तो हसली. तिला हसताना यामना पहिल्यांदाच बघत होती. तेवढ्यात खाली कडी वाजली.

यामनाने खाली उतरून दार उघडलं, तर गल्लीतले वडीलधारे हाजी बेन्नासर उभे होते. अंगात पांढरी स्वच्छ, पायघोळ जेलाबा, हातात काठी, काखेत निळ्या कागदात गुंडाळलेल्या साखरेच्या दोन ढेपा. यामनाचा नवरा वारला तेव्हा कबरस्तानातलं सगळं याच माणसाने निस्तरलं होतं. पुढे ‘बायकांना बिघडवणारी खोली’ बंद करायला काही जण निघाले, तेव्हा त्यांनाही यानेच गप्प बसवलं होतं.

“कशी आहेस पोरी? जीभ अजून तशीच ना?”

“तशीच, काका. बोथट व्हायला वेळच मिळत नाही.”

“हं, धर.” त्यांनी ढेपा पुढे केल्या.

आणि यामनाने त्या धरल्या. दोन्ही हातांनी, मान लववून, तोंडाने “अल्लाह तुमचं भलं करो” म्हणत. दारात आलेली साखर तिच्या आईने कधी नाकारली नव्हती, आजीनेही नाही. तिच्याही हातांना दुसरं काही ठाऊक नव्हतं.

हाजी दाराजवळच्या ओट्यावर टेकले. “चला, बरं झालं. पोरीला आता खाली पाठव. हम्मू कोपऱ्यावर थांबलाय. चुकलं म्हणतोय.”

आता यामनाच्या लक्षात आलं. ही भेटीची साखर नव्हती, समेटाची होती. रुसून गेलेली बायको ज्या घरात असेल तिथे नवऱ्याकडचा वडीलधारा साखर घेऊन जातो. घराने साखर ठेवून घेतली की भांडण मिटलं, बायकोने परत जायचं. हे तिला बाराखडीसारखं पाठ होतं. तरी ढेपा तिच्याच छातीशी होत्या.

“काका, मला वाटलं माझ्यासाठी आणलीत. परत घ्या.”

“आत गेलेली साखर कुणी परत केलेली मी तरी बघितली नाही.” आवाज चढलेला नव्हता, पण हसूही मावळलं होतं. “आणि तू? तू माझ्या हातात परत देणार?”

पराती घेऊन आलेल्या बायका थबकल्या होत्या. अल्लाल भट्टीतले पाव काढायचं फावडं टेकून बघत होता. यामनाने ढेपा परत केल्या तर म्हाताऱ्याचा भर गल्लीत अपमान आणि उद्यापासून या खोलीच्या पाठीशी कुणी नाही. ठेवल्या तर इत्तो गेली. यामना ढेपा घेऊन वर गेली. जिना चढताना तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं.

“इत्तो, माझ्या हातून घोळ झालाय,” तिने सांगून टाकलं. “हाजी साखर घेऊन आलेत. मी घेतली.”

इत्तोचं तोंड उतरलं. तिने अभ्रा बाजूला ठेवला, उठली, डोक्याचा रुमाल बांधू लागली. एका हाताने गाठ बसेना.

“मग झालं, मावशी. साखर घेतल्यावर काय उरतं?”

“गाडी येणार आहे. तू कुठेही जायची नाहीस. मी खाली जाऊन भांडते.”

“आणि ही खोली?”

इत्तोने ढेपांकडे पाहिलं. निळा कागद एका टोकाला फाटून आतला पांढरा सुळका दिसत होता.

“मागच्या दोन्ही वेळी साखर बाबांनी घेतली,” ती सावकाश म्हणाली. “मी आतल्या खोलीत होते. बाबांनी हातोडीने ढेप फोडली, आईने चहा केला. चहा हातात आला तेव्हा कळलं, मला जायचंय.” ती थांबली. “द्या इकडे.”

“काय करतेस?”

“बघते तर खरं, हातात कशी लागते ती.”

ती खाली उतरली. यामना मागोमाग. इत्तोने ढेपा ओट्यावर, हाजींच्या शेजारी ठेवल्या आणि वाकून त्यांच्या खांद्याचं चुंबन घेतलं, घरातल्या वडीलधाऱ्याचं घेतात तसं.

“काका, मावशीने साखर स्वतःसाठी आहे असं समजून घेतली. माझी साखर मला आजवर कुणी दाखवलीच नव्हती. आत्ता पहिल्यांदा माझ्या हातात आली आणि मी ती घेत नाही.”

हाजी तिच्या बोटांकडे बघत होते. मग जबड्याकडे.

“तो म्हणाला, जिन्यावरून पडलीस.”

“आमच्या घराला जिनाच नाही, काका. तुम्ही शुक्रवारी कुसकुस खायला आला होतात. कुठे चढलात?”

हाजींनी आठवून पाहिलं. त्यांना चढलेलं काही आठवत नसावं, कारण त्यांची नजर काठीच्या टोकाकडे वळली. मागच्या दोन्ही वेळची साखरही त्यांनीच नेली होती.

“मागच्या खेपेलाही तो पडल्याचंच म्हणाला होता,” ते पुटपुटले. “मी विचारलं नाही.”

हाजी उठले. त्यांनी दोन्ही ढेपा उचलल्या. यामना घाईने म्हणाली, “थांबा काका, टोपली देते, वर फडकं टाकते. गल्लीतून असं कसं नेणार?”

“टोपली नको.”

“लोक बघतील.”

“बघू देत. परत आली म्हणजे परत आली.”

काठी काखेत मारून ते दोन्ही हातांत निळ्या ढेपा उंच धरून चालू लागले. पराती घेतलेल्या बायका भिंतीला सरकून वाट देत होत्या. कोपऱ्यावर हम्मू सिगारेट ओढत उभा होता. म्हातारा त्याच्यासमोर थांबला आणि हम्मूला त्यानेच पाठवलेली साखर भर गल्लीत स्वतःच्या हातांनी परत घ्यावी लागली.

मशिदीतून असरची अजान ऐकू आली. यामनाने इत्तोची पिशवी उचलली आणि तिच्याबरोबर वेशीकडे निघाली.