निळ्या बटणांची बरणी

घराला पैसे लावायचे ठरले की घरातल्या माणसांना पंख फुटतात. कालपर्यंत गळक्या नळाखाली मुकाट्याने बादली सरकवणारा माणूसही एकदम ‘इथे असं करू, तिथे तसं करू’ म्हणत घरभर फिरू लागतो. कातरसाहेबांच्या घरी सध्या हेच चाललं होतं.

कातरसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. नगरपालिकेच्या हिशेब खात्यात ते अंदाजपत्रकं तपासत, आणि फाजील खर्चावर त्यांची लाल पेन्सिल अशी सफाईने चाले की कार्यालयाने ही पदवीच त्यांना देऊन टाकली होती. मागे एका शाळेने फाटकावर भलीमोठी कमान मागितली. कातरसाहेबांनी कमान कापली आणि ते पैसे गळक्या वर्गांच्या छपराला दिले. ‘मुलं कमानीखाली शिकत नाहीत, छपराखाली शिकतात,’ हा त्यांचा शेरा कार्यालयात अजून सांगितला जातो.

आता त्यांच्यापुढे स्वतःच्याच घराचं अंदाजपत्रक होतं. घर वडिलांनी बांधलेलं, बैठं, चार खोल्यांचं. भिंतींचे पोपडे निघालेले, फरशा पावलागणिक डुगडुगणाऱ्या. पै-पै साठवून आठ लाख जमले होते. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर आराखडा पसरला, तो गुंडाळू नये म्हणून कोपऱ्यांवर कपबशा ठेवल्या आणि सगळे त्यावर ओणवे झाले.

“साहेब, हॉल म्हणजे घराचा चेहरा!” मिस्त्री रंगात आला होता. “माणूस दारातून आत आला की पहिल्यांदा काय बघतो? हॉल!”

“आणि दुसऱ्यांदा?” लेकीने विचारलं. ती कॉलेजात होती आणि मिस्त्रीची फिरकी घ्यायची संधी सोडत नव्हती.

“दुसऱ्यांदापण हॉलच, ताई. नजर हलायचीच नाही!”

कातरसाहेब खूश होऊन हसले. त्यांच्या डोळ्यांपुढे फॉल्स सीलिंग होतं, त्यात लपवलेले दिवे होते, आरशासारखी फरशी होती आणि ती बघून तोंडात बोट घालणारे कार्यालयातले सहकारी होते. हॉलला साडेचार लाख. रस्त्याकडच्या दर्शनी भिंतीला दीड. बाथरूम आणि जुने नळ यांना एक. अडीअडचणीला पाऊण, कारण जुन्या घराची भिंत फोडली की आत काय निघेल सांगता येत नाही. एवढा शहाणपणा त्यांच्या हाडात मुरलेला होता. उरलेल्या पाव लाखात बाकीच्या खोल्यांना आणि स्वयंपाकघराला रंगाचा एक हात.

“अगं, तूही सांग ना काहीतरी,” चहा घेऊन आलेल्या पत्नीला ते उदारपणे म्हणाले. “हॉलचे दिवे पिवळे घ्यायचे की पांढरे?”

“कुठलेही चालतील,” ती म्हणाली. ट्रे ठेवताना तिच्या अंगठ्यावरची पट्टी दिसली.

“पुन्हा टोचून घेतलंस? तुझ्या सुयांची मिरवणूक काढली पाहिजे,” साहेब हसले. ती शेजारपाजारच्या लोकांचे कपडे शिवायची, सुई टोचणारच. तिने कप सगळ्यांपुढे सरकवले. कंबरेवर हात ठेवून जराशी ताठ झाली आणि आत गेली.

हे सगळं खिडकीपाशी बसून एक व्यक्ती बघत होती. साहेबांची थोरली बहीण, अक्का. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. आठवडाभर राहायला आल्या होत्या.

“बाळ्या,” अक्का म्हणाल्या. पन्नाशीच्या अधिकाऱ्याला जगात फक्त त्याच या नावाने हाक मारत. “हॉलला साडेचार लाख लागतात, हे कशावरून ठरवलंस?”

“अक्का, सगळं घर तिथेच तर असतं!”

“मोजलंस?”

“यात मोजायचं काय? डोळ्यांना दिसतं की!”

“डोळ्यांना सूर्य फिरताना दिसतो,” अक्का म्हणाल्या. “मुलांना हे समजावता समजावता माझे केस पिकले. एक आठवडा थांब. मोजू या. मग वाटलं तर हॉलला सोन्याचा पत्रा ठोक.”

मिस्त्रीने मान डोलावली, कारण चहा छान होता आणि आठवड्याने बिघडत काही नव्हतं.

अक्कांची युक्ती साधी होती. वहिनीच्या, म्हणजे साहेबांच्या पत्नीच्या, शिवणाच्या डब्यात बटणांची कमतरता नव्हती. प्रत्येकाला एक रंग दिला. साहेबांना तपकिरी, लेकीला पिवळा, अक्कांना पांढरा, वहिनीला निळा. पाहुण्यांसाठी लाल. हॉल, स्वयंपाकघर आणि दोन्ही झोपायच्या खोल्या, सगळीकडे एकेक काचेची बरणी. खोलीत पाव तास घालवला की आपलं एक बटण त्या खोलीच्या बरणीत टाकायचं.

“झोप धरायची का, आत्या?” लेक पंच झाली होती.

“नाही. झोपलेल्या माणसाला फॉल्स सीलिंग दिसत नाही.”

आणि मग त्या घरात काय धमाल उडाली! येता-जाता टण् टण् बटणं पडू लागली. लेक कॉलेजातून आली की आधी बरण्या बघायची. कातरसाहेब तर निवडणुकीला उभे राहिल्यासारखे हॉलचा प्रचार करू लागले. सकाळी पेपर घेऊन ते मुद्दाम हॉलमध्ये बसू लागले. चहा हॉलमध्ये, दाढी हॉलमध्ये! एरवी चादरीखाली झाकून ठेवलेल्या टणक सोफ्यावर बसून त्यांची पाठ धरली, पण माणूस हटला नाही. एकदा तर तिथेच पेपर तोंडावर घेऊन घोरू लागले आणि जागे होऊन चार बटणं टाकायला गेले.

“बाद!” लेक ओरडली. “झोपेची बटणं बाद! बाबा, ही बोगस मतं आहेत!”

“मी डोळे मिटून विचार करत होतो!”

“घोरत घोरत?” अक्का म्हणाल्या, आणि आत वहिनीलाही हसू आवरेना.

शनिवारी संध्याकाळी तर सुवर्णसंधी चालून आली. कार्यालयातले मोठे साहेब काही कागद घेऊन अचानक घरी आले. कातरसाहेबांनी झटकन चादर ओढली, पंखा लावला, लाल बटणं मुठीत तयार ठेवली. मोठे साहेब सोफ्याच्या कडेवर टेकले, जरा चुळबुळले, म्हणाले, “पाणी मिळेल?” आणि पाणी आणायला निघालेल्या कातरसाहेबांच्या मागोमाग सरळ स्वयंपाकघरात आले. तिथे वहिनी मटार सोलत होती, अक्का आणि लेक गप्पा मारत होत्या. मोठे साहेब स्टुलावर बसले ते बसलेच! चार शेंगा त्यांनीही सोलल्या.

“आमच्याकडे अगदी असंच,” ते खुशीत म्हणाले. “सोफे बाहेर आणि गप्पा आत.”

ते गेल्यावर लेकीने बापाची मूठ उघडली आणि दोन लाल बटणं स्वयंपाकघराच्या बरणीत टाकली. टण्. टण्.

रविवारी मिस्त्री आला, टेबलावर पुन्हा आराखडा पसरला. या वेळी कोपऱ्यांवर चार बरण्या ठेवल्या.

हॉलच्या बरणीत तळाशी मूठभर बटणं. बहुतेक तपकिरी, म्हणजे साहेबांच्या प्रचाराची. झोपायच्या खोल्यांच्या बरण्या जेमतेम पावभर. एकीत लेकीची पिवळी, दुसरीत शिवणयंत्रामुळे निळी. आणि स्वयंपाकघराची बरणी? ती काठोकाठ भरून वर शीग लागली होती! काही पिवळी, काही पांढरी, ती दोन लाल. तपकिरी शोधावी लागत होती. बाकी सगळं निळं, निळं आणि निळं.

“आणि हे काय?” मिस्त्रीने वरून एक चिमूट उचलली. “हे तर पोलक्याचे हुक!”

“निळी बटणं शुक्रवारी संपली,” वहिनी संकोचून म्हणाली. “मग हुक टाकले. चालतं ना, अक्का?”

 साहेबांनी बरणी जवळ ओढली, फिरवून फिरवून पाहिली. एवढं निळं!

“बाळ्या, तू अंदाजपत्रकं तपासतोस,” अक्का हळू आवाजात म्हणाल्या. “या बरण्या एखाद्या शाळेच्या असत्या तर तू काय शेरा मारला असतास?”

साहेबांचे कान तापले. “अक्का, पण लोक...”

“लोक? तुझे लोक काल स्टुलावर बसून मटार सोलून गेले! हॉल ज्यांच्यासाठी सजवायचा ते सुद्धा हॉलमध्ये थांबत नाहीत. दुसऱ्याच्या शाळेची कमान कापलीस आणि स्वतःच्या घरात कमान उभारायला निघालास? अरे, हे पैसे एकदाच. पुन्हा वीस वर्षं या घराला हात लागायचा नाही. म्हणजे ही अजून वीस वर्षं तशीच वाकणार.”

“वाकणार म्हणजे?”

“आत जा. कांदा चीर. पाव तास. आणि ये.”

साहेब उठले. ओट्यापाशी गेले, चिरायच्या पाटावर कांदा ठेवला आणि सुरी हातात घेतली. ओटा त्यांच्या आईच्या मापाने बांधलेला, आणि आई होती ठेंगणी. त्यांना कंबरेतून चांगलंच वाकावं लागलं. आणि बायको तर त्यांच्याएवढीच उंच होती! समोरची खिडकी शेजाऱ्याच्या नव्या भिंतीने कधीच आंधळी केली होती. त्यांनी दिवा लावला. दिवा खोलीच्या मधोमध, म्हणजे बरोबर त्यांच्या पाठीमागे. त्यांचीच सावली पाटावर पडली, आणि तिच्यात कांदा, सुरी, बोटं सगळं बुडून गेलं. त्यांनी अंदाजाने सुरी चालवली.

“अहो, जपून!” दारातून पत्नी ओरडली. “तिथे बोट दिसत नाही!”

साहेबांनी वळून तिच्याकडे पाहिलं. तिच्या अंगठ्यावरच्या पट्टीकडे पाहिलं.

“हे... सुईने झालेलं नाही?”

“सुई कसली! सुईपाशी मी खिडकीत बसते, तिथे चांगला उजेड आहे.”

“मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?”

“तुम्ही विचारलंत ना परवा,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. “हॉलचे दिवे पिवळे की पांढरे.”

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच! आणि तोही स्वतःच्या घरात, स्वतःच्या सावलीचा! साहेबांनी सुरी खाली ठेवली. कंबरेवर हात ठेवून ते ताठ झाले, आणि त्यांच्या लक्षात आलं की हीच हालचाल त्यांनी रोज, येता-जाता पाहिली होती. पाहिली होती, मोजली नव्हती.

“तुला काय हवं?” त्यांनी विचारलं. “हॉलचं सोड. तुला.”

तिला उत्तर पटकन सुचेना. कधी विचारलंच नव्हतं कुणी. मग एकदम सुचलं, आणि सुचलं ते धबधब्यासारखं! ओटा चांगला वीतभर वर. दिवा ओट्याच्या वर, समोर. बाजूच्या भिंतीत खिडकी, वारा तिकडूनच येतो. धूर ओढणारा पंखा. सिंक खोल, भांडी धुताना पोट भिजतं. “आणि टेबल आतच ठेवू या का? नाहीतरी सगळे तिथेच बसता!”

साहेब धावत बाहेर आले. खरंच धावत! खिशातून लाल पेन्सिल काढली. फॉल्स सीलिंग कापलं. हॉलमधली टीव्हीची शोभेची भिंत कापली. रस्त्याकडची भिंत रंगावर भागवली.

“साहेब, साहेब!” मिस्त्री कळवळला. “घराचा चेहरा जातोय!”

“चेहरा राहू दे रे. आधी घराचा कणा सरळ करू. तुझ्या घरी ओटा केवढा आहे?”

 मिस्त्री डोकं खाजवत म्हणाला, “घरी जाऊन बघतो.”

साडेचार लाख आता स्वयंपाकघरापुढे लिहिले गेले आणि उड्या मारत लेकीने त्याखाली निळ्या पेनाने दोन रेघा ओढल्या. कातरसाहेब अभिमानाने बहिणीकडे पाहू लागले, शाबासकीच्या अपेक्षेने.

“छान,” अक्का म्हणाल्या. “पण ओटा वर केलास आणि त्याच्यापाशी उभं राहणारं माणूस तेच एक ठेवलंस, तर नुसता पिंजरा रंगवलास.”

“म्हणजे?”

“म्हणजे ओटा उंच झाला की तुझी ‘मला वाकता येत नाही’ ही सबब गेली!”

हसण्याने घर दणाणलं. सगळ्यात मोठ्याने वहिनी हसली.

काम चाललं, धूळ उडाली, भिंतीतून कुजलेला नळ निघाला आणि अडीअडचणीचे पाऊण लाख तिथे कामी आले. हॉलला नुसता रंग लागला, फरशा पक्क्या बसल्या. आणि एका सकाळी नवीन स्वयंपाकघरात वहिनीने दिवा लावला. उजेड सरळ तिच्या हातांवर पडला. सावली निमूटपणे पाठीमागे गेली.

मंडळी, घर दुरुस्त करायला आपण सगळेच कधी ना कधी काढतो. तेव्हा कुठली फरशी आणि कुठला रंग, हे विचारण्याआधी एक प्रश्न विचारा: या घरात कुणाचं आयुष्य कुठल्या खोलीत जातं? जिथे आयुष्य जातं तिथे पैसा जाऊ द्या. आणि एकाच माणसाचं आयुष्य एकाच खोलीत जात असेल, तर ते पैशाने भागत नाही. तिथे आपण स्वतः जायला हवं.

स्वयंपाकघराची ती काचेची बरणी नव्या खिडकीत अजून आहे. लेकीने खेळ चालू ठेवलाय. परवा अक्कांचा फोन आला तेव्हा तिने बरणी दिव्यापुढे धरून पाहिली आणि ओरडून सांगितलं, “आत्या, निळी अजून पुढे आहेत! पण तपकिरीने जोर धरलाय, आणि एकही मत बोगस नाही!”