पांढऱ्या तलंगा

मळवलीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पदरात, ठाकरांची सोळा घरांची वाडी होती. तिथली सारजाबाई आठवड्यातून दोनदा अंड्यांची पाटी घेऊन लोणावळ्याच्या बंगल्यांवर जाई. विधवा, मूलबाळ नाही, कोंबड्यांवरच पोट. सन पस्तीसच्या दिवाळीनंतर एका बंगल्यातल्या पारशी बाईंनी तिला पांढरा विलायती कोंबडा दिला आणि बजावलं, "वाडीत गावठी कोंबडा एकही ठेवू नकोस. याचीच पैदास होऊ दे. अंडी दुप्पट मिळतील."

सारजाबाईनं ते मनावर घेतलं. घरोघर जाऊन बायकांची समजूत घातली. अडून बसली ती शेजारची नंदाबाई, तिची जिवाभावाची मैत्रीण. तिचा तांबडा कोंबडा घारीवरसुद्धा धावून जायचा.

"ह्यो हाय म्हून पिलांना भ्या न्हाई," नंदाबाई म्हणाली.

"माज्यावर इस्वास हाय का न्हाई तुजा?"

पुढच्या बाजारी नंदाबाईनं तांबडा विकला.

सारजाबाईचं म्हणणं खरं ठरलं. दोन वर्षांत वाडीभर पांढऱ्या तलंगा, नुकत्या अंड्यावर आलेल्या कोंबड्या, हिंडू लागल्या आणि एका पाटीच्या तीन पाट्या झाल्या. बायकांच्या अंगावर धड लुगडी आली. नंदाबाईचा नवरा नथू दर हिवाळ्यात बायकोला घेऊन घाटाखाली कोळशाच्या भट्टीवर राबायला जायचा. त्या साली तो गेलाच नाही.

नव्या कोंबड्या मात्र खुडूक होऊन अंड्यांवर बसत नव्हत्या. अंडं घालून चालू लागायच्या, वळूनही बघायच्या नाहीत. तीन म्हाताऱ्या गावठी कोंबड्या उरल्या होत्या, त्यांच्याखालीच साऱ्या वाडीची अंडी बसवायची. पूर्वी एखादीकडं काही नसलं तर दुसरी तिला कोंबडी अर्धलीनं द्यायची, पिलं निम्मी-निम्मी. आता द्यायला कुणाकडं पिलंच उरत नव्हती, आणि बाकीची अंडी सगळी लोणावळ्याला जात.

तिसऱ्या चैत्रात कोंबड्यांवर मानमोडीची साथ आली. पहिली कोंबडी सारजाबाईच्या खुराड्यात मेली. मान पिळवटलेली, चोच उघडी, पंख पसरलेले. बारा दिवसांत वाडी रिकामी झाली. म्हाताऱ्या तिघीही गेल्या. सकाळी उठलं की कानावर काही पडेना.

कुणी सारजाबाईला शिव्या दिल्या नाहीत. ती झऱ्यावर आली की बायका बोलणं थांबवून हंडे उचलायच्या, एवढंच.

दिवाळी सरली आणि नथूनं पुन्हा भट्टीची वाट धरायची ठरवलं. नंदाबाईला सातवा महिना होता.

"तू नगं जाऊ. माज्यापाशी ऱ्हा," सारजाबाई म्हणाली.

"हितं राहून दोगींनी खायाचं काय?" नंदाबाईनं गाठोडं बांधता बांधता विचारलं. मग हळूच म्हणाली, "तू काय मुद्दाम न्हाई केलंस, सारजे."

त्यापेक्षा तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सारजाबाईला वाटलं.

नंदाबाई गेली आणि सारजाबाई डोंगर ओलांडून पवनेच्या खोऱ्यात उतरली. तिकडं काही घरांतून गावठी कोंबड्या तगल्या होत्या. एका घरी तिनं पंधरा दिवस भात झोडलं आणि मजुरीच्या बदल्यात एक खुडूक कोंबडी आणि तिच्याखालची अंडी मागून घेतली. पाटीत भुसा घालून, मांजरपावलानं चालत ती वाडीवर आली. अकरा पिलं निघाली. वारुळं फोडून पिलांना वाळवी आणायची, घार दिसली की काठी घेऊन धावायची. नऊ जगली. ती नंदाबाईसाठी होती.

जेठात भट्टीवरची माणसं परतली. नथू एकटाच आला. ओट्यावर बसून तो पाणी प्याला.

"बाळातपणात गेली. माघातच," तो म्हणाला. "पोर बी न्हाई ऱ्हायलं."

सारजाबाईनं अंगणाकडं बोट केलं. "ह्या तिच्यासाठी राखल्यात. तू घिऊन जा."

"मी काय करू त्यांचं? बाईमाणूस हाय कुटं घरात?"

आठ दिवसांनी नथू दाराला कडी घालून लोणावळ्याला एका बंगल्यावर माळी म्हणून गेला.

मग एकेक बाई सारजाबाईच्या अंगणात येऊ लागली. मागेल तिला ती तलंग देत गेली. अर्धल मागितली नाही. बायका आता झऱ्यावर तिच्यासाठी थांबत, आपणहून बोलत. सारजाबाई नुसती मान हलवी आणि हंडा भरला की वाटेला लागे.