ताप उतरला तेव्हा

"विठा, टेम्पो आला क्या? थान उतरवून घे!" लछमनदास दादा पलंगावरून पाय खाली सोडत म्हणाले.

त्यांचं कापडाचं दुकान बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. विठानं त्यांना धरून पुन्हा आडवं केलं. हात गारठलेले. काल अंगात ताप होता. आज थर्मामीटर पंच्याण्णवच्या वर जाईना. लघवीच्या पिशवीत सकाळपासून जेमतेम घोटभर, तीही काळ्या चहासारखी. तिनं घड्याळ लावून श्वास मोजले. मिनिटाला बत्तीस.

उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या त्या फ्लॅटमध्ये राहून ती चार वर्षं दादांना सांभाळत होती. तिनं पुण्याला त्यांच्या मुलाला फोन लावला.

"ताप उतरलाय ना, मावशी? मग टेन्शन कशाला? उमर हो गयी, बरळतात ते," धर्मेश म्हणाला.

"उमर एका रात्रीत होत नाही, धर्मेशभाई. काल माझ्याशी पत्ते खेळले."

"संध्याकाळी डॉक्टरला पाठवतो."

विठानं फोन कानाशी धरूनच दादांचा गार हात चोळला. वांगणीजवळच्या पाड्यावर तिच्या नवऱ्याच्या, गोमाच्या, पायाला कोयता लागला होता. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि सगळ्यांना हायसं वाटलं. अंग गार, श्वास धापेचा, गुडघ्यांवर जांभळी जाळी. "झोपू द्या त्याला," असं तीच म्हणाली होती. तो उठलाच नाही.

तिनं दादांचा लेंगा वर सरकवला. तीच जाळी.

"मी ॲम्ब्युलन्स बोलावते. काय रागवायचं ते नंतर रागवा," ती फोनवर म्हणाली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पिशवीकडे बोट दाखवलं. "लघवीतलं इन्फेक्शन अंगभर पसरलंय. सेप्सिस. बीपी पडलंय, किडनी बंद पडायला आलीय. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर हाती काही उरलं नसतं."

बाराव्या दिवशी दादा बाहेर आले, निम्मे झालेले. धर्मेशनं विठाला हात जोडले.

"मावशी, तुमच्यामुळे पापा वाचले. आता त्यांना पुण्यालाच नेतो. पुन्हा एकटं नाही ठेवणार."

"बरं केलंत," विठा म्हणाली. तिनं दादांचे केस विंचरले, मफलर नीट गुंडाळला. गाडी वळेपर्यंत ती फाटकापाशी उभी होती.

मग आपली पिशवी घेऊन ती अंबरनाथ पूर्वेच्या चाळीतल्या स्वतःच्या खोलीवर आली. चार वर्षांत ती इथं सलग दोन दिवसही राहिली नव्हती. शेजारची नवी सून दारात आली.

"कोणाला शोधताय, मावशी? या खोलीत कोणी राहत नाही."

विठानं पिशवी उंबऱ्यावर ठेवली.

"आजपासून राहील," ती म्हणाली. "जरा झाडू देतेस?"