गोठून गेलेले हात

मित्रांनो, मी एक जुनी कुपी आहे. नंदुरबारच्या एका दवाखान्यातल्या फ्रिजच्या दारात मी पडून असते. शेजारी धनुर्वाताची इंजेक्शनं आहेत, त्यांची रोज ये-जा चालते. मला कोणी विचारत नाही. माझ्या अंगावर लाल पेनाने फुली मारली आहे. नवीन नर्स आली की तिला मला दाखवतात आणि म्हणतात, "औषध गोठलं की असं होतं बघ." नाव मोठं आणि लक्षण खोटं, अशी माझी गत झाली आहे.

पण जन्मले तेव्हा माझा काय तोरा होता म्हणून सांगू! मोठमोठ्या पोलादी टाक्यांत, जिवंत पेशींच्या पोटी मी तयार झाले. माझ्यात भरलेली आहेत प्रतिपिंडं. ती तुमच्या अंगातही असतात, रोगजंतूंना धरून ठेवतात. मात्र तुमच्या प्रतिपिंडांचे दोन्ही हात सारखेच असतात. शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं डोकं शिणवून माझ्या प्रतिपिंडांना दोन वेगवेगळे हात दिले. एक हात कर्करोगाच्या पेशीला धरतो. दुसरा हात रक्तातल्या लढणाऱ्या पेशीला धरतो.

अहो, राखणदार अंगात असतातच! पण कर्करोग घरच्याच माणसासारखा वावरतो, त्यामुळे राखणदार त्याच्या शेजारून निघून जातात. मी राखणदाराचा हात धरते आणि चोराच्या गळपट्टीवर नेऊन ठेवते. तणाचं औषध फवारताना पीकही जळावं, तसं जुन्या औषधांनी होतं. मी तसं करत नाही. ज्याच्यावर माझी ओळखीची खूण, त्यालाच धरते.

मला ज्यांच्यासाठी पाठवलं, त्या रूपलीबाई नर्मदाकाठच्या मणिबेली गावच्या. त्यांच्या मानेत कर्करोगाची गाठ होती. जुन्या औषधांनी केस गेले, ताकद गेली आणि गाठ परत आली. मग एका संस्थेने माझ्या बहिणींची, म्हणजे माझ्यासारख्याच कुप्यांची, सोय केली. सुरतच्या डॉक्टरांनी पहिली इंजेक्शनं आपल्या नजरेखाली दिली. रूपलीबाईंना भट्टीसारखा ताप भरला, पण गाठ खरोखर उतरू लागली. भाकरीचा घास गिळता आला, तेव्हा बाई रडल्या होत्या म्हणे. पुढची इंजेक्शनं नंदुरबारला घ्यायची ठरली. त्यातली पहिलीच मी.

मला आणायला त्यांचा भाऊ जान्या सुरतेला आला. जान्याचं शेत धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. आता त्याच पाण्यात तो जाळं टाकतो आणि मासे अक्कलकुव्याच्या बाजारात विकतो. सुरतच्या दुकानदाराने थर्माकोलच्या डब्यात मला ठेवलं आणि जान्याला म्हणाला, "ठंडुं राखजो." थंड ठेव, एवढंच! डब्यावर बर्फाच्या चांदणीचं चित्र होतं, त्यावर फुली होती, म्हणजे 'गोठवू नका'. आता आमच्या सातपुड्यात अशी चांदणी कोणी पाहिली आहे? जान्याला ते फूल वाटलं.

बसमध्ये तो दर थोड्या वेळाने डब्यात हात घालून बघायचा. दुकानदाराने ठेवलेल्या थंडाव्याच्या पिशव्या नरम पडू लागल्या, तसा त्याचा जीव खालीवर होऊ लागला. खरं तर मला तेवढीच थंडी पुरेशी होती. मी आतून ओरडत होते, "अरे बाबा, राहू दे!" पण कुपीचं कोण ऐकतो?

अक्कलकुव्याला बस थांबली. जान्या धावत ओळखीच्या बर्फवाल्या भटूकडे गेला. मासेवाले करतात तेच त्याने केलं. चुरलेला बर्फ डब्यात ठासून भरला आणि वरून मूठभर मीठ टाकलं. मिठाने बर्फाची थंडी आणखी चढते आणि मासा बाजारापर्यंत ताजा राहतो. मासा राहतो हो, मी नाही! तळोदा येईपर्यंत माझं पाणी दगड झालं. माझे हात आतल्या आत मुरगळले आणि एकमेकांत गुंतून बसले. इतकं दुखलं म्हणून सांगू!

दवाखान्यात शीला नर्सने डबा उघडला आणि कपाळावर हात मारला. "आये माय वं! दादा, हाई काय करं तुम्ही?"

"मीठ पण टाकलं बाई," जान्या हसून म्हणाला. "मी मासा असाच आणतो. डोळासुद्धा पांढरा पडत नाही त्याचा."

चेतना डॉक्टर आल्या. त्यांनी मला उचललं आणि त्यांचा चेहरा उतरला. "जान्याभाऊ, हे गोठलंय. आता याचा उपयोग नाही."

"वितळेल ना, मॅडम. थांबतो मी."

मला मुठीत धरून तो बाकावर बसून राहिला. मी वितळले. मॅडमनी मला उजेडात धरलं, तर पाण्यात पांढरे धागे तरंगत होते.

"द्या तरी," खाटेवरून रूपलीबाई म्हणाल्या. "जेवढं लागू पडेल तेवढं पडेल."

"नाही देता येत, ताई. अपाय होईल."

जान्याला तेव्हा कुठे कळलं. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. रूपलीबाई त्याला एवढंच म्हणाल्या, "सकाळपासून उपाशी असशील. जा, आधी खाऊन घे."

अशी महागडी दुसरी कुपी मिळायला फार दिवस लागले. गाठ पुन्हा वाढली. आधी भाकर बंद झाली, मग पेज, मग पाणीही उतरेना. अखेर कुपी आल्याचा निरोप आला आणि जान्या पुन्हा सुरतेला गेला. तो परतीच्या बसमध्ये असताना रूपलीबाई गेल्या. शीलाने फोन लावून पाहिला, पण लागला नाही.

तो दुपारी वॉर्डात आला तो बोलतच. "बघा बाई, या वेळी बर्फ नाही लावला. नुसत्या थंडाव्याच्या पिशव्या ठेवून, डबा फडक्यात गुंडाळून मांडीवर आणला." शीला तोंडाला पदर लावून रडू लागली. जान्याने रिकाम्या खाटेकडे पाहिलं आणि तिथेच खाली बसला.

चेतना मॅडम आल्या, तेव्हा कुपी पुढे करून त्याने विचारलं, "मॅडम, मग दुसऱ्या कोणाला द्या. चांगली आहे ना ही?"

"चांगली आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांनी ती फ्रिजमध्ये ठेवली, पण आमचा हात एकाच रोगाची खूण ओळखतो आणि त्या रोगाचं दुसरं कोणी तिथे नव्हतं. माझी ती बहीण आता माझ्या शेजारीच आहे. तिचं पाणी स्वच्छ आहे, हात धड आहेत आणि मुदत संपत आली आहे.

मित्रांनो, तुमच्यातले कोणी उद्या माझ्यासारखं औषध बनवतील, कोणी ते दुकानात विकतील. हात जोडून सांगते, नुसतं 'थंड ठेवा' म्हणून पाठ फिरवू नका. किती थंड, ते सांगा. नेणाऱ्याच्या बोलीत सांगा आणि त्याच्या तोंडून परत ऐकून घ्या. जान्या बेफिकीर नव्हता हो. त्याला जेवढं सांगितलं होतं, तेवढं त्याने जीव लावून केलं होतं.